तांबड्या ताऱ्याला दाखवलेली बत्ती

एप्रिल-मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला आमसुलं, दुसऱ्या बाजूला आंब्याची साटं, कठड्याजवळ सुकत घातलेले बांगडे आणि या सगळ्याच्या मधोमध माझी सहा इंची दुर्बीण. यातली निरुपयोगी वस्तू कोणती, याबद्दल माझ्या सासूबाईंच्या मनात कधीच शंका नव्हती. "वर्सभर बगीत ऱ्हवता, खावक काय गावता?" असं त्या पाहुण्यांसमोरसुद्धा विचारतात. मी मालवणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिथली मुलं वेगळं काही विचारत नाहीत, त्यामुळे मला राग येत नाही.

तळाशील म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी, मध्ये माड आणि आम्ही. दिवे कमी, त्यामुळे आकाश अजून काळं राहिलंय. शंकरशी लग्न करताना माहेरच्यांनी त्याची ओरोसची सरकारी नोकरी पाहिली, मी हे आकाश पाहिलं. आजवर पस्तावले नव्हते.

मृग नक्षत्राच्या पायाशी शशक नावाचा एक छोटा तारकासमूह आहे. त्याच्या कडेला एक तांबडा तारा आहे. नुसता तांबूस नाही, चांगला रक्तासारखा तांबडा. पहिल्यांदा दुर्बिणीत पाहणारा माणूस दचकतोच. हा तारा म्हातारा आहे आणि आपल्याच काजळीत गुरफटलेला आहे. कंदिलाची काच काळी झाली की ज्योत तीच असते, पण उजेड लालसर आणि मंद होतो, तसंच हे. शिवाय तो फुगतो आणि आकसतो. साधारण चौदा महिन्यांत एकदा उजळतो आणि एकदा इतका मंद होतो की दुर्बिणीतूनही शोधावा लागतो. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला हजार वर्षांहून जास्त काळ लागतो. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून तो आज किती तेजस्वी आहे ते ठरवायचं आणि जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदींत आपला आकडा पाठवायचा, एवढाच माझा छंद. त्यातून खरंच खायला काही मिळत नाही.

या कामातला पहिला धडा म्हणजे लाल ताऱ्याकडे टक लावून पाहायचं नाही. लाल उजेड डोळ्यात साठत जातो. जितकं जास्त पाहाल तितका तारा उजळ वाटू लागतो आणि आकडा चुकतो. म्हणून चटकन नजर टाकायची आणि काढून घ्यायची. नवीन माणसं इथेच फसतात.

दुसरा एक धडा मी सासरी येऊन शिकले. तो ताऱ्यांचा नव्हे, होड्यांचा. संध्याकाळी परतणारी होडी खाडीच्या तोंडाशी आली की बत्ती वर करते. मग तिच्या घरच्यांनी दारातून बत्ती तीनदा वर-खाली करायची. म्हणजे होडीवाल्याला वाळूच्या दांड्यामधली वाट कळते. पण त्याआधी मागच्या दारी जाऊन खाडीत किती होड्या आल्या ते मोजायचं. आपली होडी आली असेल आणि तरीही समुद्रावर बत्ती दिसत असेल, तर उत्तर द्यायचं नाही. जीपीएस आल्यावर बत्तीची गरज उरली नाही, मोजणं मात्र सुटलं नाही. मी नवी नवरी असताना हसून विचारलं होतं, चुकून दाखवली तर काय होईल? सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बत्ती दाखयली काय तो घरचो झालो."

माझा दीर अजय दोन वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतरच्या महिन्यात, एकटाच होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. सासूबाई बत्ती घेऊन दारात बसून राहिल्या, समोरून बत्ती आली नाही. होडी कुणकेश्वरच्या बाजूला सापडली. आत जाळी होती, जेवणाचा डबा होता, अजय नव्हता. सासूबाईंनी बत्तीची काच धुतली आणि ती माळ्यावर ठेवून दिली. होडी विकून टाकली. आता आमची होडी नाही, म्हणजे आमच्या घरातून कोणालाच उत्तर द्यायचं नाही. त्या कधी रडल्या असतील तर एकट्या असताना.

त्याची बायको संचिता तेव्हा पंचविशीची होती. माझ्यापेक्षा कितीतरी लहान जाऊ, मला वयनी म्हणते, पण मला ती धाकट्या बहिणीसारखी आहे आणि हे मी तिला कधीच नीट सांगितलेलं नाही. या वर्षी मी हट्टाने तिचा नर्सिंगचा प्रवेश कणकवलीत करून घेतला. जूनमध्ये ती हॉस्टेलवर जाणार होती. शंकर म्हणाला, तिची इच्छा विचारलीस का? मी म्हटलं, इच्छा नंतर होईल, आधी ती या वाळूवरून उठू दे. ती पोर रोज समुद्राकडे बघत आमसुलं उलटायची.

मेच्या सुरुवातीला शशक संध्याकाळी पश्चिमेला उतरतो. अंधार पडला की मोजायला जेमतेम वेळ मिळतो, मग समुद्रावरच्या धुरकटीत तारा बुडतो. त्यानंतर तो सूर्याच्या मागे जातो आणि दोन-तीन महिने कोणालाच दिसत नाही. या वर्षी तारा मंद असायला हवा होता. मला मात्र तो चटकन सापडला. दुसऱ्या दिवशी आणखी उजळ वाटला, तिसऱ्या दिवशी त्याहून. मी स्वतःवरच चिडले. इतक्या वर्षांनी नवशिक्यासारखी टक लावतेय, म्हटलं.

फोंडाघाटात दत्तप्रसाद म्हणून माझे एक मित्र आहेत. दुकान सांभाळतात आणि माझ्याहून मोठी दुर्बीण बाळगतात. मी त्यांना फोन केला.

"खंय उजळ?" ते म्हणाले. "माका शोधूक घाम फुटलो. स्वप्नाबाय, आधी काच पुसा. थंय खारो वारो."

मी काच पुसली. मग दुर्बिणीला कॅमेरा लावून फोटो काढला. फोटोत तारा तसाच होता, मंद, जेमतेम दिसणारा. माझ्या डोळ्याला मात्र तो निखाऱ्यासारखा दिसत होता. म्हणजे दोष डोळ्याचा, असा निष्कर्ष निघाला आणि मला बरं वाटलं. निष्कर्ष निघाला की मला नेहमीच बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी संचिता आमसुलं गोळा करायला वर आली. सूर्य बुडून गेला होता. सुपात आमसुलं भरता भरता तिचा हात थांबला.

"वयनी, ती तांबडी बत्ती कोणाची?"

मी समुद्राकडे पाहिलं. एकही होडी नव्हती.

"खंय?"

तिने बोट केलं, ते पाण्याच्या बरंच वर. मी बोटाच्या रेषेत दुर्बीण फिरवली आणि डोळा लावला. भिंगाच्या अगदी मधोमध माझा तारा होता.

नुसत्या डोळ्यांना तो दिसणं शक्य नव्हतं. मी दुर्बिणीवरून नजर काढून तिकडे पाहिलं. दिसत होता.

"तारो आसा तो," मी म्हटलं. "त्याच्याकडे जास्त बगू नको. बगल्यार वाडता."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मी चार दिस बगतंय."

त्यानंतर ती रोज वर यायची. आमसुलं वाळून डब्यात भरली गेली, तरी यायची. कठड्याला हात टेकून उभी राहायची आणि पापणी लवायची नाही. जेवण अर्धवट टाकायला लागली. हॉस्टेलसाठी घेतलेली नवी बॅग तिने उघडूनही पाहिली नाही. एकदा मी तिचा खांदा धरून तोंड फिरवलं, तर ती माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तो वाट बगता वयनी. कोणी बत्ती दाखवणा नाय म्हणान थंयच ऱ्हवलो."

मी तिला सगळं सांगितलं. तापमान, काजळी, अंतर. मी बऱ्यापैकी शिकवते, असं मुलं म्हणतात. तिने ऐकून घेतलं.

"हजार वर्सां?" ती म्हणाली. "मगे कित्याक माका आता दिसता?"

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पावसाळा संपला की ऑपरेशन करायचं ठरलेलं. ताटात काय वाढलंय तेही त्यांना हाताने चाचपावं लागतं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या तुळशीपाशी दिवा लावत होत्या आणि मी अंगणात कपडे काढत होते. त्या समुद्राकडे तोंड करून थांबल्या.

"स्वप्ना, ही तांबडी बत्ती कदीपासून आसा गो?"

कपडे माझ्या हातातच राहिले. मग त्याच पुढे म्हणाल्या, "आपली होडी नाय. कोणी हात वर करू नको." आणि आत जाऊन त्यांनी पुढचं दार लावून घेतलं. आमच्या घरात पुढचं दार जेवणं होईपर्यंत कधी लागत नाही.

इथे मी काय करायला हवं होतं? संचिताला घेऊन चार दिवस माझ्या माहेरी सावंतवाडीला जायचं, एवढं साधं होतं. पण मला मुळातून भीती उपटायची होती. वर्गात करते तसा प्रयोग करून दाखवायचा. तिच्या देखत मीच बत्ती दाखवायची. काहीही होणार नाही. तारा आपला मावळेल आणि हे खूळ एका संध्याकाळीच संपेल. शंकर कामासाठी रत्नागिरीला गेला होता. तो असता तर कदाचित हसला असता आणि मी थांबले असते.

तारे बघताना आम्ही लाल टॉर्च वापरतो, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात. तोच टॉर्च मी घेतला. कॅमेरा दुर्बिणीला लावून चालू ठेवला, नंतर पुरावा हवा म्हणून. वारा पडला होता. खाडीकडून चिखलाचा वास येत होता. तारा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता आणि नुसत्या डोळ्यांना ठसठशीत दिसत होता. संचिता माझ्या शेजारी उभी होती.

"हां, बग," मी म्हटलं. "मी बत्ती दाखयतंय. काय होता ता तूच बग."

मी टॉर्च वर नेला आणि खाली आणला.

तारा विझला. पुन्हा लागला.

धुरकट पट्टा आडवा गेला असेल, मी मनात म्हटलं. क्षितिजाजवळ असं होतं. खरंच होतं.

खालून सासूबाईंचा आवाज आला. "कोण आसा वर? होड्यो मोजल्यात?"

मी टॉर्च दुसऱ्यांदा वर नेला, खाली आणला.

तारा विझला. लागला.

मग मी थांबले. टॉर्च खाली धरून, छातीशी घट्ट आवळून उभी राहिले. तिसऱ्यांदा मी दाखवलाच नाही.

तारा तिसऱ्यांदा विझला आणि लागला.

मला जे कळलं ते त्या क्षणी कळलं, आणि ते मला कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. तो उजेड हजार वर्षांपूर्वी निघाला होता. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा पहिला दगड बसायच्याही कितीतरी आधी. माझ्या हाताला उत्तर म्हणून तो विझला असेल, तर ते उत्तर मी जन्मायच्या आधीपासून वाटेत होतं. तिथे जे काही होतं, त्याला ही गच्ची ठाऊक होती. मी येणार हे ठाऊक होतं.

"वयनी, टॉर्च," संचिता म्हणाली.

"नको."

तिने माझी बोटं एकेक करून उघडली. तिच्या हातात इतकी ताकद मी कधी पाहिली नव्हती.

"येवंदे त्येका," ती म्हणाली, आणि टॉर्च वर नेऊन खाली आणला.

काहीच झालं नाही.

तारा होता तिथेच होता. मंद होत गेला, धुरकटीत शिरला आणि मावळला. लाट येत होती, जात होती. जिन्यावर सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, कशा चढल्या कोण जाणे.

"कितीदा दाखयल्यात?"

संचिता म्हणाली, "तीनदा."

सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. माझा आवाज, सासूबाईंचा आवाज. आणि भिंगाच्या मधोमध एक मंद लाल ठिपका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न विझलेला.

दुसऱ्या दिवशी संचिता पोटभर जेवली. बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं. बॅग भरायला लागली, मला विचारून औषधांची नावं लिहून काढायला लागली. गच्चीवर फिरकली नाही. मृगाचा पाऊस लागायच्या आत मी तिला कणकवलीला हॉस्टेलवर सोडून आले. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, सोबत सांगलीकडची एक मुलगी होती. खिडकीतून महामार्ग दिसत होता, समुद्र नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, सुटली एकदाची. त्या म्हणाल्या, "कोण सुटली?"

फोनवर संचिता खुशीत असायची. अभ्यास बरा चाललाय म्हणायची. मी ते प्रकरण मनातून काढून टाकलं. दमलेले डोळे आणि तीन बायकांची जुनी घालमेल, असं त्याला नाव देऊन टाकलं.

ऑगस्टमध्ये एका पहाटे पावसाने उघडीप दिली. शशक आता पूर्वेला, सह्याद्रीच्या अंगाला उगवत होता. मी दुर्बीण लावली. शेजारचे तारे ओळीने सापडले. मधली जागा रिकामी होती.

मी चटकन नजर टाकली, काढली, पुन्हा टाकली. शेवटी टक लावून पाहिलं. काळोखाशिवाय तिथे काही नव्हतं. कॅमेरा लावला, तर फोटोत तारा नेहमीच्या जागी. उजाडल्यावर दत्तप्रसादना फोन केला.

"आसा की," ते म्हणाले. "आता उजळूक लागलो. झॅक दिसता."

चतुर्थी आठवड्यावर आली होती. त्या दिवसांत आमच्याकडे मुंबईची माणसंसुद्धा मिळेल त्या गाडीला लटकून घरी येतात. संचिताने मात्र यायला जमणार नाही म्हणून कळवलं होतं. मी कोणाला न सांगता कणकवलीची एसटी पकडली.

हॉस्टेल जवळजवळ रिकामं होतं. तिने दार उघडलं आणि मला मिठी मारली. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तकाकी होती. अजय असताना दिसायची तशी दिसत होती. मला रडू आलं ते तिच्यापासून लपवायला मी खोली बघायला लागले. पुस्तकं नीट लावलेली. दुसरी खाट उघडी, गादी गुंडाळून ठेवलेली.

"ती सांगलीची पोर खंय गेली?"

"दुसऱ्या खोलीत गेली. तिका म्हणे रात्री तांबड्या उजेडान झोप येणा नाय." संचिता हसली. "माका तर त्याच्याशिवाय येणा नाय."

"कसलो उजेड?"

"वयनी, च्या घेतलंस?"

मी म्हटलं, सामान भर, आपण आत्ता घरी जाऊ. तिने मान हलवली. सांज होत आली होती. ती ओला फडका घेऊन खिडकीशी गेली आणि काच पुसायला लागली. रोजचं काम असावं तशी, वरून खाली, कोपऱ्यांसकट. फडका काळा होत होता. चुलीवरच्या भांड्याला धरते तशी दाट, मऊ काजळी.

"रस्त्याक लागून आसा ना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गाड्यांचो धूर. रोज धरता."

मी तिच्याजवळ गेले. खिडकीचं एक दार उघडं होतं. त्यातून हात काढून मी बाहेरच्या बाजूने काचेवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं.

बाहेरून काच स्वच्छ होती.